पाचवा हात

मी तीन तास पाच मिनिटांची आहे. लांब आहे, कबूल. पण म्हणून आवाज खाली करून बोलणार नाही. मी 'खाडीचे पाच' या सिनेमाची पूर्ण आवृत्ती आहे, आणि मी भयंकर चिडलेली आहे.

तुम्ही थिएटरात पाहिलात तो माझा कापलेला तुकडा. दोन तास दहा मिनिटं. पोस्टरवर सुपरहिरो पाच, आत मोजाल तर चार.

पाचवी लक्ष्मी. मिठागरावर राबलेल्या घरातली. तिनं हात लावला की लोखंडावर मीठ चढतं नि ते गंजून गळून पडतं. तान्हं बाळ ओढणीनं पाठीला बांधून ती लढते. तिला लिहिलं कळव्याच्या रचनानं, दिग्दर्शकही तीच. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर, खाली लेथ घरघरत असताना, रचना आणि एडिटर संदेशनं मला जोडलं. रचनाला तेव्हा आठवा लागलेला. पोट टेबलाला लागायचं म्हणून ती तिरकी बसायची.

ती बाळंतपणाला गेली आणि निर्माता गुरुदत्त माळा चढून आला.

"बाळ बांधून कोण फाइट करतं रे? काढ हिला."

"सर, मॅडमना एकदा विचारू?"

"तिला आराम करू दे. माणुसकी आहे की नाही?"

माणुसकी! त्या माणुसकीनं माझी पंचावन्न मिनिटं उडवली. शेवटच्या उडीत पाचही जण एका फ्रेममध्ये, म्हणून लक्ष्मीवर धूर चढवला. घाईत तिचा एक हात राहिला. कोपरापासून पुढं, हिरव्या बांगड्यांसकट. मग काय, पोरांनी मोबाइलवर चेष्टा सुरू केली, 'हा पाचवा हात कुणाचा?' चेष्टा एवढी पसरली की लोक खरंच विचारायला लागले. लगेच गुरुदत्तचा फोन आला, "मॅडम, पब्लिकला पाचवी हवीय. तुमची लांबवाली काढूया."

तिला हाकलणारा कोण होता, याचा उल्लेखसुद्धा नाही!

कळव्याच्या घरात, वाळत घातलेल्या लंगोटांखाली मी पुन्हा जोडली गेले. रचनाची लेक मधु झोपली की काम, उठली की बंद. एकदा लक्ष्मी अर्ध्या उडीत दोन दिवस लटकून होती.

रचनाला सगळ्याचीच भीती. मधुला ढेकर आला नाही, भीती. आला, तर तो जरा मोठा होता का? माझ्याबद्दल तर रोज नवऱ्याला, राजरत्नला, विचारायची, "लांब होतंय का रे?"

"सातव्यांदा विचारतेयस. आता प्रश्नच लांब व्हायला लागलाय."

गुरुदत्तनं मला पाहिलं आणि मेसेज पाठवला. सगळं ठेवा, ती चार मिनिटं काढा.

कुठली? लढाईच्या मधोमध बाळ रडतं. लक्ष्मी बांधावर बसून त्याला पाजते. बाकीचे चौघे तिच्याकडे पाठ करून भोवती उभे राहतात. संवाद नाही, काही नाही. उड्या कुणीही मारतं हो. हे पाच जण टीम आहेत, ते एवढंच दिसतं.

रचनानं लिहिलं, 'सॉरी सर. लोकांना दाखवून बघूया. हसले तर कापते.'

कसलं सॉरी? आणि ही अट कुणी मागितलेली? मी किंचाळले असते, पण मला तोंड फुटतं प्ले केल्यावर.

रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या एका छोट्या हॉलमध्ये वीसेक लोक जमले. रचना शेवटच्या रांगेत दाराशी, मधुला घेऊन. रडली तर पटकन बाहेर पळता यावं म्हणून. शेजारी सासूबाई, नीलाताई.

ती चार मिनिटं आली. पडद्यावरचं बाळ रडलं. ते ऐकून मधुनंही भोकाड पसरलं. दोन-तीन जण हसले.

गुरुदत्त खुर्चीत मागं वळला. "हसले, बघितलंत? आणि हिला जरा बाहेर न्या."

रचना सवयीनं वाकून उठली.

"कुठं चाललीस?" नीलाताई म्हणाल्या.

"आई, लोकांना त्रास..."

"पडद्यावरची बसलीये बांधावर, आणि तिला बसवणारी निघाली पळून? बस खाली. पाज तिला. आणि ओ साहेब, तुम्ही पुढं बघा."

गुरुदत्तनं पुढं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. रचनानं ओढणी ओढून मधुला जवळ घेतलं. पडद्यावर चार पाठी, हॉलमध्ये वीस. पुन्हा कुणी हसलं नाही. कापायच्या बटणावर बोट न ठेवता रचनानं मला पहिल्यांदाच पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तचा मेसेज. 'हसले ना? ठरल्याप्रमाणे कापा.'

तिनं 'सॉरी सर' लिहिलं. मग खोडलं. बाईनं एकदाचं कापायला हवं तेच कापलं! पाठवलं एवढंच, 'ते मधुला हसले. मी कापणार नाही.' लगेच राजरत्नकडे वळली, "जास्त तोडून बोलले का रे?"

गुरुदत्तचं उत्तर अजून आलेलं नाही. मी हार्ड डिस्कमध्ये, मधुच्या पिशवीत, लंगोट आणि खुळखुळ्याच्या मधे पडून आहे. बाहेर येईन की नाही, ठाऊक नाही. राग मात्र जसाच्या तसा आहे.

आलेच, तर मधे चहा प्या, उठून जा, लांब आहे म्हणून नावं ठेवा. फक्त मागच्या रांगेत एखादं बाळ रडलं, तर दाराकडे बोट दाखवू नका.

पुढं बघा.