आमेन होईपर्यंत दार बंद

न्यू नेबो चर्चमध्ये दाराचा एक नियम होता आणि तो पास्टरलाही मोडता येत नसे. प्रार्थना चालू असली की दार बंद. आत येणारा गव्हर्नर असो की बाहेर जाणारं रडकं पोर, आमेन होईपर्यंत आहे तिथं उभं राहायचं. दार सांभाळणाऱ्या सेविका पांढऱ्याशुभ्र गणवेशात, पांढरे हातमोजे घालून, डावा हात पाठीशी घेऊन उभ्या असत. त्यांचा उजवा तळवा वर झाला की चालता माणूस जागच्या जागी थांबे. लेव्हॉन टॉलिव्हरची आई व्हर्लीन या सेविकांची म्होरकी. लहानपणी एकदा लेव्हॉन शू लागली म्हणून तिच्या झग्याला लोंबकळला होता, तरी तिनं दार उघडलं नव्हतं. पुढं जे व्हायचं ते झालं, आणि ती गोष्ट मंडळी अजून त्याला चारचौघांत ऐकवत.

आज ऑगस्टमधला रविवार, आणि आजची उपासना त्याच्याच नावाची होती. देवानं लेव्हॉनला बरं केलं म्हणून उपकारस्तुती. मागच्या खोलीतून तळलेल्या कोंबडीचा आणि रताळ्याच्या गोड पक्वान्नाचा वास येत होता. बायका हातातल्या कागदी पंख्यांनी वारा घेत होत्या. पुढच्या बाकावर लेव्हॉन बसला होता, एवढा रुंद की त्याच्या मागच्या दोघींना पास्टर दिसत नव्हता.

"अरे जरा वाक की," मागून मदर ओडेसा म्हणाल्या. चर्चमधली सगळ्यांत वडीलधारी बाई, डोक्यावर पांढरी टोपी. "देवानं तुला बरं केलं ते चांगलंच केलं, पण भिंत कशाला करून ठेवली?"

आजूबाजूच्या हसल्या. लेव्हॉनही हसला. हसताना मान वळवायची नाही हे आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

बाहेर पिकानच्या झाडाखाली एक गाडी उभी होती. तिच्यात कोच रॅकली बसला होता, शेजारच्या राज्यातल्या एका लहानशा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा. बायकांनी त्याला आत बोलावलं, तेव्हा त्यानं कोंबडीची तंगडी तेवढी घेतली आणि म्हणाला, "मी इथंच बरा आहे. तुमचं आटोपलं की पोराला घेऊन निघतो." उद्या सकाळी सराव सुरू होणार होता. लेव्हॉनची बॅग दाराजवळच्या खुंटीखाली भरून ठेवलेली होती.

आणि हे सगळं एका खोट्यावर उभं होतं. ते खोटं तिथं लेव्हॉनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मागच्या ऑक्टोबरात, भरल्या मैदानात, चेंडू छातीशी धरून धावत येणाऱ्या गड्याला त्यानं अडवलं होतं. तेच त्याचं काम. अंगावर येईल त्याला अंगानं थोपवायचं, आडवं करायचं आणि हात देऊन उठवायचं. त्या शनिवारी मात्र डोकं खाली गेलं. पडला तेव्हा गवताची पाती गालाला टोचत होती, पण मानेखाली कुणीच नव्हतं. हात नाहीत, पाय नाहीत. हजारो माणसं एकदम गप्प झालेली त्यानं पडल्या पडल्या ऐकली. मग थोड्या वेळानं मुंग्यांची रांग निघावी तसे पाय परत आले, उजवा हात आला. डावा तेवढा मेल्यासारखा पडून राहिला.

"हात येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हाताची मला काळजी नाही. तुझ्या मानेतून मज्जारज्जू जातो ना, ती वाटच जन्मतः अरुंद आहे. चालशील, पळशील, लग्न करशील. पण पुन्हा कुणाला असा भिडलास, तर त्या दिवसापासून तुझी आई तुला चमच्यानं भरवेल."

"किती टक्के खात्री आहे?" त्यानं विचारलं होतं.

"बेटा, टक्के कसले विचारतोस? मी तुला विनवते आहे."

हातापर्यंतचं त्यानं घरी सांगितलं. मानेचं सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं त्याला वाटलं.

हिवाळ्यात एका रविवारी पास्टर मेबरींचं प्रवचन असं काही रंगलं, की ज्यानं ऐकलं तो अजून आठवण काढतो. पास्टर आधी साधं बोलत. मग शब्द लांबत, त्यांना सूर लागे, ऑर्गनवाला तो सूर उचलून धरी, आणि शेवटी बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं सुरू झालं ते कुणाला कळत नसे. त्या दिवशी मंडळी उभी राहिली, टाळ्यांचा कल्लोळ झाला, आणि लेव्हॉनचा डावा हात आपोआप वर गेला. त्याचं त्यालाही नवल वाटलं.

दारातून व्हर्लीन ओरडली, "हात! माझ्या पोराचा हात!" ती त्या दिवशी पहिल्यांदाच जागा सोडून धावली. मदर ओडेसा भोवळ येऊन बाकावर पडल्या. सगळ्या चर्चमध्ये रडणं, नाचणं, देवाचा जयजयकार. मंडळींच्या मते चमत्कार झाला होता. हात बरा झाला म्हणजे पोर बरं झालं. पोर बरं झालं म्हणजे पोर खेळणार. त्या आनंदात उभं राहून 'मान अजून तशीच आहे' असं म्हणायला छाती लागते. एवढ्या रुंद छातीच्या लेव्हॉनपाशी ती नव्हती.

आणि खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. खेळाविना त्याचा जीव पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडत होता. दंगामस्ती करणारे सोबती हळूहळू फोन करायचे थांबले. आरशात पाहावं तर पाठीवर नंबर नसलेला कुणीतरी दिसे. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरं खेळताना दिसली की तो गाडी दुसऱ्या रस्त्यानं घाली. त्यानं दिसेल त्या कोचला गळ घातली, आपल्या तोंडानं स्वतःची जाहिरात केली. सगळ्यांनी मानेच्या स्कॅनचं चित्र पाहून हात जोडले. एकट्या रॅकलीनं चित्र मागितलंच नाही. "आमचा डॉक्टर फार किरकिरा नाही," तो म्हणाला होता, "तू बरा आहेस म्हणतोस ना? बस्स."

प्रवचन संपलं. पास्टरनी घाम पुसला आणि हात पुढं केला. "ये, लेव्हॉन. देवानं तुझ्यासाठी काय केलं ते आपल्या माणसांना सांग."

तो उठला. पुढं जाऊन उभा राहिला. समोर त्याला लहानाचा मोठा करणारे चेहरे होते, आणि पार शेवटी, बंद दारापाशी, पांढऱ्या कपड्यांतली आई. तिनं आज नवे हातमोजे घातले होते.

"देवाची स्तुती असो," तो म्हणाला.

"असो!" मंडळी म्हणाली.

"गेल्या वर्षी मी मैदानात पडलो..."

"पडलास खरा!"

"...आणि देवानं मला..."

पुढचा शब्द येईना. 'बरं केलं' एवढं म्हणायचं, मग जेवायचं आणि निघायचं. पंखे थांबले.

प्रवचन करणारा अडखळला की न्यू नेबोत त्याला कुणी हसत नाही, कुणी तोंडही फिरवत नाही. मदर ओडेसांनी डोळे मिटले आणि बारीक आवाजात म्हटलं, "त्याला हात दे, प्रभू." शेजारचीनं म्हटलं, "हात दे, प्रभू." मग मागच्या बाकांवरून, मग पुरुषांच्या बाजूनं. ऑर्गनवाल्यानं एक हलकासा सूर धरून ठेवला. लेव्हॉनला तो सूर सोसवेना. शिव्या सोसवल्या असत्या.

"हात बरा आहे," तो एकदम म्हणाला. "मान नाही. मान कधीच बरी नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा भिडलो तर जन्मभर पडून राहीन. मी तुम्हाला सांगितलं नाही. ममालाही नाही."

ऑर्गन थांबला.

"पण मी जाणार," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. "मला अडवू नका. नाही गेलो तर मी कोण? सांगा ना, कुणीतरी सांगा! मला दुसरं काही येत नाही. मी खेळेन नाहीतर... माझ्यासाठी प्रार्थना करा. गाडी उभी आहे."

आणि तो मधल्या वाटेनं दाराकडे निघाला.

पास्टर मेबरींचं वय साठीच्या पुढं. पोराला धावून धरणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांनी आपल्याला येतं तेच केलं. दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाले, "आपण प्रार्थना करू या!"

साऱ्या माना खाली गेल्या. दारापाशी व्हर्लीनचा डावा हात पाठीशी गेला, उजवा तळवा वर झाला.

लेव्हॉन थांबला. पायच थांबले.

"ममा, सरक."

"प्रार्थना चालू आहे," ती म्हणाली. चेहऱ्याचा रंग उडालेला, पण तळवा हलला नाही.

"ममा, तो निघून जाईल."

"आमेन होऊ दे."

पास्टर प्रार्थना करत राहिले. आवाज बसायला लागला, तशी व्हर्लीननं लेकाच्या खांद्यावरून चर्चच्या कारभाऱ्यांतल्या डीकन रूफसकडे पाहिलं आणि वर केलेल्या हाताची बोटं हळूच फिरवली. सेविकांच्या खुणांत त्याचा अर्थ, चालू ठेवा. आता हे डीकन रूफस म्हणजे असे, की त्यांनी जेवणावर प्रार्थना केली तर रस्सा गोठायचा. त्यांच्या बायकोनं त्यांचा कोट मागून ओढायचा, हा दर रविवारचा शिरस्ता. आज बायकोनंच त्यांना कोपर मारलं. "उठा. बोला. मी ओढणार नाही."

डीकन उठले. त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, तुरुंगातल्यांसाठी केली, समुद्रावरच्यांसाठी केली, शाळेच्या बसच्या ब्रेकसाठीसुद्धा केली. ते दमले तशी दुसरी उठली, मग तिसरा. कुणीही आमेन म्हणेना. बाहेर रॅकलीनं भोंगा वाजवला. आत सूर चढला. पुन्हा भोंगा वाजला, आणि मदर ओडेसांनी असा टिपेचा आलाप घेतला, की भोंगा त्यात बुडून गेला.

लेव्हॉन कपाळावरचा घाम पुसत उभा होता. सगळी मंडळी त्याला कवटाळून बसली होती आणि त्याचा श्वास कोंडत होता. यांचं प्रेम आहे, हे त्याला कळत होतं. पण उद्या सकाळी उठून काय करायचं, ते या प्रेम करणाऱ्यांतला एकही जण सांगत नव्हता.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"ममा, तुझ्या पाया पडतो."

"राजा, माझं ऐक..."

त्यानं आईच्या कमरेला हात घातले, तिला फुलासारखं उचललं आणि बाजूला ठेवलं. न्यू नेबोत असं कधी कुणी केलं नव्हतं. प्रार्थना करणाऱ्यांचे डोळे उघडले, पण आवाज कुणीच थांबवला नाही. त्यानं बॅग घेतली, दार ढकललं आणि उन्हात आला.

"आलो, मी आलो!" तो ओरडला. गाडी थांबली. रॅकली हसत उतरला.

"काय रे गड्या, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का? किती वेळ ते!" आणि त्यानं पुढं होऊन कोच करतात तशी दणकन थाप दिली, मान आणि खांदा जुळतात तिथं. मायेचीच थाप होती.

मानेतून वीज खाली उतरली. आधी आग, मग काहीच नाही. बॅग धप्पकन धुळीत पडली. लेव्हॉन तिच्याकडे पाहत राहिला. ती उचलावी असं त्याच्या मनात होतं. मनातलं हातापर्यंत पोचत नव्हतं. दोन्ही हात दुसऱ्याचेच असल्यासारखे लोंबत होते.

रॅकलीचं हसू मावळलं. त्यानं बॅगेकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, मग घाईनं बॅग उचलून गाडीत टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जाईल, जाईल. होतं असं. बस गाडीत. कुणी पाहिलं नाही."

लेव्हॉननं मान न वळवता, सबंध अंगानं वळून मागं पाहिलं. पायरीवर व्हर्लीन उभी होती. आयुष्यात दुसऱ्यांदा तिनं जागा सोडली होती. तिच्यामागं उघड्या दारात मदर ओडेसा, डीकन रूफस, त्यांच्या खांद्यांवरून आणखी डोकी. साऱ्यांचे ओठ हलत होते.

"सगळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला.

"मग? येतोस की नाही?"

लेव्हॉनला 'येतो' म्हणायचं होतं. अजूनही. तो तिथंच, भर उन्हात, एवढा मोठा गडी, गुडघ्यांवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. तोंड झाकायला हात उचलता येत नव्हते. "माझी बॅग काढा," तो म्हणाला. "काढा ना हो. मला... मला काढता येत नाही."

रॅकलीनं बॅग काढून झाडाखाली ठेवली. मग तो गाडीत बसला आणि निघून गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

व्हर्लीन त्या धुळीत पांढऱ्या कपड्यांनिशी त्याच्याशेजारी बसली. तिनं त्याचा चेहरा पुसला. मग त्याचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला.

"लागतंय का काही?"

त्यानं पाहिलं. नव्या पांढऱ्या हातमोज्यांत त्याचा हात होता, एवढं दिसत होतं.

"नाही, ममा."

"मी ओरडले होते," ती म्हणाली. "हात, हात म्हणून. मीच पहिली ओरडले होते."

ती हात चोळत राहिली. दारात मदर ओडेसांचा आवाज बसला होता, तरी दुसऱ्या कुणीतरी प्रार्थना तिथूनच पुढं उचलली. आमेन अजून झालं नव्हतं.