पूर्ण नाव, पूर्ण पत्ता

दुपारी अडीच-तीनची वेळ होती. वनमालाच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, बचत गटाच्या बैठकीला गेल्या होत्या. नवरा अंगद स्टेशन रोडवरच्या त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. आठ महिन्यांची आर्वी झोळीत झोपली होती. वनमाला गच्चीवरून वाळलेली दुपटी घेऊन उतरली आणि शेवटच्या पायरीवर थबकली.

नणंदेच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून स्वप्नालीचा आवाज येत होता. शाळेत प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून पोरं बोलतात ना, तसा.

"माझं नाव स्वप्नाली आश्रुबा जोगदंड. मुक्काम पोस्ट घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड. माझं वय बावीस वर्षं पूर्ण आहे. मी इथं माझ्या मर्जीनं आले आहे. माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही."

मग हसण्याचा आवाज. "श्या! आधार कार्ड उलटं धरलं." आणि पुन्हा पहिल्यापासून.

वनमाला पायरीवरच बसली. अशीच एकदा तीही कॅमेऱ्यासमोर उभी होती. सहा वर्षांपूर्वी, पुण्याच्या बाहेर, एका अर्धवट बांधलेल्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर. वाक्य हेच होतं. नाव प्रतीक्षा होतं आणि मुक्काम पोस्ट पाली, तालुका जिल्हा बीड.

बी.एस्सी. करून ती पुण्यात नोकरी शोधत होती. साडीच्या जाहिरातीचं काम आहे म्हणाले. मग जाहिरात नाही, वेब सिरीज आहे म्हणाले. थोडी बोल्ड आहे, पण इकडं दिसत नाही, बाहेरच्या देशातच दिसते. इंग्रजीतला करार सतरा पानांचा होता आणि सही करायला दिलेला वेळ चहा थंड होण्याइतका. कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड धरून नाव सांग म्हटल्यावर तिनं शाळेत बाईंनी शिकवलं होतं तसं सांगितलं. पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. तालुक्यासकट. कॅमेऱ्यामागचा माणूस हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "हे कापू नकोस. लोकांना अशीच पाहिजे असते, खरी गावाकडची."

पुढं ती नको म्हणाली, रडली, तेव्हा त्यानं तीच क्लिप तिला लावून दाखवली. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. "मर्जीनं म्हणालीस ना? तुझ्याच तोंडानं." दाराला साधी कडी होती. ती आपण का काढली नाही, हा प्रश्न वनमालाला अजूनही भांडी घासताना पडायचा.

लग्नात ताटातल्या तांदळावर बोटानं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा अंगद म्हणाला होता, प्रतीक्षाच राहू द्या, छान आहे. हिनंच हट्ट धरला. घरातलं कुणाचं तरी जुनं नाव द्या म्हणाली. अंगदच्या आजीचं मिळालं. बायकांनी केवढं कौतुक केलं, आजकालची पोरगी आणि असं नाव मागून घेते! तिला फक्त त्या पत्त्यावरून निघून जायचं होतं. पण अंगदच्या दुकानात रोज पंधरा-वीस फोन यायचे, ज्यांच्या पोटात काय काय साठवलेलं असेल कोण जाणे. तो जेवायला आला की ती आधी त्याचा चेहरा वाचायची, मग ताट वाढायची.

ती उठली आणि दार ढकललं.

"आगं बया! वैनी, दार वाजवत जा की." स्वप्नालीनं फोन छातीशी धरला. लिपस्टिक लावलेली, केस मोकळे.

"काय चाललंय?"

"इंटरव्ह्यूची तयारी."

"कसल्या इंटरव्ह्यूला माझ्यावर जबरदस्ती नाही असं सांगावं लागतं?"

स्वप्नालीनं दाराबाहेर बघितलं, मग वनमालाला आत ओढलं. "आईला सांगू नका. कंपनीचा न्हाई, वेब सिरीजचा हाय. उद्या सकाळी अंबाजोगाईहून गाडी. मॅडमनी तिकीट बी पाठवलं. परवा शूट."

"कोण मॅडम?"

"हाय एक. लई गोड बोलती. आपल्या जिल्ह्यातलीच हाय, म्हून तर इस्वास बसला. आता तुमी सुरू होऊ नका, फसवतात, बिसवतात. पोलीस भरतीत पळून पळून माझी नखं गेली, तवा कुणी इचारलं का? पुढच्या महिन्यात त्यो लातूरचा बघायला येणार, मग मी बी बसते दुपटी वाळवत."

"स्वप्नाली, जाऊ नको."

"कावून?"

"ते तसलं काम आहे."

"कसलं?"

वनमालानं सांगितलं. एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगायला गेली. पेपरात आलेली म्हणून सांगायला गेली. स्वप्नाली आरशात बघत केस सारखे करत होती. "वैनी, तुमी पुण्यात राहून आलात. तिथं जाऊन शिकला, हिंडला. आमची बारी आली की तुमाला पेपर आठवला व्हय?"

झोळीच्या दोरीचा करकर आवाज बाहेरून येत होता. पोर उठायच्या बेतात होती. आता उठली तर हे राहून जाईल आणि उद्या सकाळी गाडी सुटेल, एवढंच वनमालाच्या डोक्यात होतं.

"पेपरात नव्हतं," ती म्हणाली. "मी होते."

स्वप्नालीचा हात केसातच राहिला.

"हेच वाक्य मी म्हटलं होतं. शब्द न् शब्द. ते आधी घेतात, म्हणजे नंतर तू कितीही ओरडलीस तरी पोलिसाला दाखवायला ते असतं. इकडं दिसत नाही म्हणतील. दिसतं. तीन दिवसांचं काम म्हणतील. पहिल्या तासातच तुला कळेल, आणि तेव्हा फोन त्यांच्या कपाटात असेल."

"तुमी?" स्वप्नाली म्हणाली. "तुमी, वैनी?"

तेवढ्यात फोन वाजला. स्वप्नालीच्या हातातच थरथरला. पडद्यावर नाव होतं, शिवकन्या मॅडम.

वनमालानं ते नाव वाचलं. मग हळूच हात पुढं करून फोन घेतला. त्या फोनचा कानाचा स्पीकर महिनाभर बिघडलेला होता. अख्ख्या गावाचे फोन नीट करणाऱ्या भावाला बहिणीचा करायला सवड नव्हती. त्यामुळं जे काही बोलणं व्हायचं ते सगळ्या खोलीला ऐकू जायचं.

"झाला का व्हिडिओ, स्वप्नाली? सरांना दोन वाजेपर्यंत पाहिजे व्हता."

तोच आवाज होता. गेवराईची शिवकन्या. पुण्यातल्या खोलीत शेजारच्या कॉटवर झोपायची, घरून आलेला ठेचा आधी हिच्या ताटात वाढायची.

"शिवकन्या, मी बोलतेय."

पलीकडं कुठंतरी मिक्सर चालू होता, तो थांबला.

"प्रतीक्षा?"

"हिचा नंबर तुला कुणी दिला?"

"तुझ्या लग्नाच्या फोटोत बघितली व्हती. मोरपंखी घागरा. मग शोधली."

"माझ्या घरातली पोरगी, शिवकन्या. मुद्दाम केलंस."

"मुद्दाम कशाला? आपल्याला जी माहीत असती तिचाच नंबर देणार ना माणूस. तू काय केलंवतंस?"

वनमालानं फोन बंद करायला अंगठा नेला. केला नाही. स्वप्नाली समोर उभी होती आणि तिची नजर फोनवर नव्हती, वनमालावर होती.

"त्यांनी दोन मागितल्या असतील ना तुला बी," शिवकन्या सांगत होती. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "दोन पोरी आण, तुझा व्हिडिओ काढून टाकतो. मला बी तसंच म्हणले. मी पैली दिली, तरी काढला न्हाई. म्हणले एकच झाली. मग ही दुसरी."

दोनपैकी एकच नंबर आपण दिला, दुसरा दिला नाही, या गोष्टीचा वनमालाला सहा वर्षं केवढा आधार वाटत आला होता. आता त्या एकाचा आवाज खोलीत होता.

"ते काढत नाहीत, शिवकन्या."

"तुझा काढला म्हणले व्हते."

"काढला?" हा प्रश्न तिनं आजवर कुणालाच विचारला नव्हता. शोधून बघायचं धाडसही केलं नव्हतं.

"न्हाई. हाय की. मी दर महिन्याला बघते, माझा हाय का, तुझा हाय का. तुझ्यात अजून पालीचं नाव ऐकू येतं."

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान पंख्याच्या वाऱ्यानं उलटं-सुलटं होत होतं. वनमालानं ते धरून ठेवलं.

"ही येणार नाही," ती म्हणाली.

"मग मला दुसरी बघावी लागंल. परवापर्यंत."

"नको बघू. तू इकडं ये. आपण दोघी अंबाजोगाईला जाऊ, पोलिसांत सांगू. मी माझं नाव सांगते. तुझा नंबर मीच दिला, तेही सांगते."

"आणि तुझा नवरा?"

वनमालाचं लक्ष दाराकडं गेलं. शिवकन्या बहुतेक खरंच उत्तराची वाट बघत होती. मग म्हणाली, "बघ, तुझं बी हुत न्हाई," आणि फोन ठेवला.

बाहेर आर्वी रडायला लागली.

"तिचा नंबर तुमी दिलता?" स्वप्नालीनं विचारलं.

"हो."

"माहीत असून?"

"माहीत असून."

स्वप्नालीनं पालथ्या हातानं लिपस्टिक पुसली. गालापर्यंत फरफटली. वनमालाच्या हातातून फोन घेऊन तिनं तो व्हिडिओ पुसला, मग तिकीट पुसलं, मग मॅडमचं नाव. प्रत्येक वेळी बोट जोरात दाबत होती.

"मी जात न्हाई," ती म्हणाली. "दादाला बी सांगत न्हाई. पण आता मला काय इचारू नका."

मग तीच बाहेर गेली आणि आर्वीला झोळीतून उचलून घेऊन आली. पोर हुंदके देत तिच्या खांद्यावर तोंड घासत होती. स्वप्नालीनं तिला लगेच वनमालाकडं दिलं नाही. थोपटत खिडकीपाशी गेली, तिथं उभी राहिली, आणि एकदा वळून वनमालाकडं असं बघितलं की वनमालाचे पुढं केलेले हात आपोआप खाली आले.

"भूक लागलीय तिला," वनमाला म्हणाली.

"दिसतंय मला."

बराच वेळ गेला. पोरीचा आवाज चिरका व्हायला लागला तेव्हा स्वप्नालीनं ती पलंगावर, वनमालाच्या शेजारी ठेवली. हातात दिली नाही. वनमालानं मांडी घातली, तिला जवळ घेतलं, ब्लाउजचं बटण काढलं. या घरात, या नणंदेसमोर, तिनं शेकडो वेळा पाजलं होतं. समोर बसून स्वप्नाली पोरीच्या पायांना गुदगुल्या करायची, वैनी, भुकाळी हाय तुमची, म्हणायची.

आज स्वप्नालीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

वनमालानं पदर पुढं ओढला. पोर चुटूचुटू प्यायला लागली. अंगदची जेवायला यायची वेळ झाली होती, आणि शिवकन्या आता कुणाचं नाव शोधत बसली असेल, हे तिला कळत नव्हतं.