मियाओचा जामीन

मियाओ साठीला टेकला तरी बादशाही अधिकारी निवडणाऱ्या परीक्षेच्या यादीत अजून विद्यार्थीच होता. चाळीस वर्षांत त्याला तालुक्याची पहिली पायरी चढता आली नव्हती. पांढरी दाढी सावरत तो पोरासोरांच्या रांगेत उभा राहिला की लोक हसायचे. मी हसायचो नाही. मी वाट बघत होतो.

तीस वर्षांपूर्वी याच माणसाने माझ्या थोरल्या भावाला परीक्षेच्या दारातून हाकलवलं होतं. दादा हुशार, ते त्याच्या डोळ्यांत खुपलं. आमचे आजोबा कचेरीत शिपाई होते, अशी खोटी चुगली त्याने केली. शिपायाच्या घराण्याला तीन पिढ्या परीक्षा बंद. दादाला चारचौघांत चाळीस फटके बसले. चौकशीत आरोप खोटा ठरायला वर्ष लागलं, तोवर दादाने विहीर जवळ केली होती. मियाओला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

यंदा त्याचा जुना जामीन वारला. उमेदवाराचं घराणं स्वच्छ आहे, अशी हमी देणारा, स्वतः पास झालेला जामीन लागतोच. तालुक्यात दुसरा कुणी तयार होईना, तेव्हा बदक आणि दारूचा बुधला घेऊन तो माझ्या दारी आला.

"फान गुरुजी, झालं गेलं विसरा. मीही आता म्हातारा झालो."

"कधीच विसरलो," मी म्हणालो. "आणा कागद, सही करतो. चहा घेणार ना?"

नुसत्या सहीने भागत नाही. परीक्षेच्या दिवशी दारात नाव पुकारलं की जामिनाने सगळ्यांसमोर मोठ्याने 'मी जामीन' म्हणावं लागतं. तो गप्प राहिला तर उमेदवार बाद.

त्या पहाटे कारकुनाने पुकारलं, "मियाओ वेनचाय!"

"हजर. जामीन, फान शिरू."

मी गप्प. कारकुनाने पुन्हा पुकारलं. मियाओ वळला आणि माझा चेहरा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगतो, तीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पाया पडतो, गुरुजी," म्हणत तो तिथेच गुडघ्यांवर बसला.

कारकून वैतागला. "अहो, बोला की. नाहीतर पाचही जण बाद."

एका कागदावर पाच उमेदवार एकमेकांची हमी देतात. एक गेला की पाचही जातात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रागाच्या भरात त्या चौघांचा विचारच मनात आला नव्हता. ते मियाओच्या मागेच उभे होते. शेवटचा विणकराचा खाई, एकोणीस वर्षांचा. दादा तेव्हा तेवढाच होता.

"गुरुजी, आमचं काय चुकलं?" खाईने विचारलं.

कारकुनाने कुंचला शाईत बुडवला आणि माझ्याकडे बघत थांबला. एक शब्द पुरे होता. पण तो शब्द उच्चारला की मियाओ उठून आत गेला असता.

मी तोंड उघडलं नाही. कारकुनाने पाच नावांवरून एकच रेघ ओढली.