नोटीस न बजावता परत

“सर, हा दावा बघा. एकतीस तारखा, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, ‘नोटीस न बजावता परत’.” स्वप्नालीनं लॅपटॉप वर्धमान चौगुल्यांकडे वळवला.

चौगुले तालुका न्यायालयातले जुने लिपिक. निवृत्तीला चार महिने उरलेले. खटले नेमके कुठं अडकतात हे शोधायला आलेली ही संशोधक मुलगी आठवडाभर त्यांच्याच टेबलाशी बसून एकेका तारखेचं कारण तक्त्यात भरत होती.

“कोंडीबा जाधव,” चौगुल्यांनी वाचलं. “म्हातारा नोटीस चुकवतोय, दुसरं काय! बहिणीला जमिनीत वाटा द्यायचा नसणार.”

“आठ वर्षं? एकदाही सापडला नाही?”

चौगुल्यांनी फाइल काढली. चाळता चाळता त्यांचा हात थांबला. बहिणीचा, हरणाबाईचा, आठ वर्षांपूर्वीचा अर्ज होता: भाऊ उंब्रज सोडून रहिमतपूरला मुलाकडे गेला आहे, नोटीस तिकडे पाठवावी. अर्ज मंजूर झालेला. खाली शेरा, ‘पत्ता दुरुस्त केला’, आणि चौगुल्यांचीच सही. संगणकात मात्र पत्ता अजून उंब्रजचाच होता.

स्वप्नालीनंही ते वाचलं. हळूच म्हणाली, “सर, माझ्या तक्त्यात कुणाचं नाव येत नाही. फक्त कारण.”

चौगुल्यांची नजर समोरच्या खिडकीकडे गेली. दर तारखेला हरणाबाई खिडकीशी येऊन विचारायची, “आवं सायेब, आला का माजा भाऊ?” आणि ते मान वर न करता पुढची तारीख सांगायचे.

“मग कारण नीट लिही,” ते म्हणाले. “लिपिकाची चूक.”

त्यांनी न्यायाधीशांसाठी टिपण लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

कोंडीबांना नोटीस तीन दिवसांत मिळाली. तारखेला ते सुनेचा हात धरून आले. साखरेच्या आजारानं दोन्ही डोळे गेलेले.

“हरणे, दावा टाकलास व्हय गं? मला पत्त्याच न्हाई. मला वाटलं, आईच्या बाराव्याला भांडलो, तवापास्नं तू नातंच तोडलंस.”

“आन् मला वाटलं, तू त्वांड चुकवतूयास.” हरणाबाई जवळ सरकली. “डोळं कवा गेलं रं दादा?”

“झाली की पाच वर्सं.”

चौगुले पुढं झाले. “मावशी, नोटिसा चुकीच्या पत्त्यावर जात होत्या. चूक माझी.”

हरणाबाईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती भावाकडे वळली. चौगुल्यांना वाटलं, तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

कोंडीबांनी वाटा कबूल केला. दुपारी तडजोडीचा कागद तयार झाला. चौगुल्यांनी शाईचा पॅड आणून ठेवला.

“सही करत व्हतो मी,” कोंडीबा ओशाळून म्हणाले. “आता अंगठा कुटं लावू, ते तरी सांगा कुनी.”

हरणाबाईनं भावाचा अंगठा शाईत टेकवला, कागदावर नेला आणि हळूच दाबला. मग पदर घेऊन पुसू लागली. शाई काही निघत नव्हती. तरी हात न सोडता ती पुसत राहिली.