फौजदाराच्या कमरेचा पट्टा

मी एका फौजदाराच्या कमरेचा पट्टा बोलतोय. आवाज जरा करकरतो, तेवढं सांभाळून घ्या. चामडं जुनं झालं की असंच होतं.

कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने कापले गेले. माझी शिलाई झाली, पितळी बक्कल बसलं, उजव्या अंगाला पिस्तुलाचं म्यान जोडलं आणि एका नव्या फौजदाराशी माझी गाठ पडली. आरशासमोर तो मला घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. शेवटी बायको दारातून म्हणाली, "आता पट्टा घालूनच झोपणार का?"

माणसाचं तोंड काहीही बोलो, पोट खोटं बोलत नाही. आणि पोट माझ्या ताब्यात. वरिष्ठांसमोर तो ते आत ओढून उभा राहायचा, जेवण झालं की मला हळूच एक भोक सैल करायचा. वर्षं अशीच गेली. सरावाखेरीज म्यानातलं पिस्तूल कधी बाहेर आलं नाही.

मग तो दिवस उजाडला. एका म्हातारीने पोलिसांना फोन केला. मुलगा बिथरलाय, हातात सुरा घेऊन घरभर फिरतोय, कुणीतरी लवकर या. फौजदार आणि एक शिपाई धापा टाकत जिना चढून गेले. दारात उभं राहून फौजदार बराच वेळ समजुतीने बोलला. मुलाने सुरा खालीही केला होता. पण एकाएकी काय झालं कुणास ठाऊक, तो शिपायावर धावून गेला. माझ्याखालचं पोट दगडासारखं झालं. एकच गोळी सुटली. शिपाई वाचला. मुलगा आईच्या डोळ्यांदेखत गेला.

पिस्तूल तपासासाठी लगेच जमा झालं. नियमच तसा आहे. पण रिकामं म्यान घेऊन चौकीबाहेर पडताना फौजदाराला आपणच गुन्हेगार असल्यासारखं वाटलं. काहींनी पाठ थोपटून त्याला वाघ म्हटलं. काहींनी त्याला पाहताच फायलीत डोकं खुपसलं. त्याला दोन्ही सारखंच बोचलं.

चौकशी संपेपर्यंत तो घरी आणि मी जेवणाच्या खुर्चीच्या पाठीवर. ताटात अन्न तसंच राहायचं. बायकोने विचारलं की "मी ठीक आहे" एवढंच उत्तर. खात्याने मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, तर "मला काय वेड लागलंय का?" म्हणून त्याने विषयच तोडला.

तेव्हा मौनी यायला लागला. हा एक वयस्कर हवालदार. अखंड बडबड करतो म्हणून त्याचं नाव मौनी पडलं होतं. ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याच्या सोबतीला जाण्याचं काम खात्याने त्याला दिलं होतं. कधीकाळी त्याच्याही हातून सुटली होती, आणि तेव्हा त्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. मौनी रोज यायचा आणि गोळी सोडून सगळ्यावर बोलायचा: दुखरा गुडघा, आळशी जावई, महागलेली भाजी. एकदा तर पाना घेऊन आला आणि आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ खोलून बसला. फौजदार भिंतीला टेकून बघत होता. बघता बघता म्हणाला,

"तिने मला मदतीला बोलावलं होतं."

मौनीने पाना खाली ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हो साहेब. बोलावलं होतं."

फौजदार तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि रडला. बायको येऊन त्याच्या शेजारी टेकली. नळ त्या दिवशी तसाच राहिला.

चौकशीत तो निर्दोष ठरला. कामावर जाताना मला आवळायला भोकं पुरेनात, इतका तो खंगला होता. बायकोने तापल्या खिळ्याने नवं भोक पाडून दिलं. चौकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या साहेबांनी पिस्तूल पुढे केलं, आणि त्याचा श्वास माझ्याखाली अडकला तो सुटेना. त्याने बक्कल काढलं आणि मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"आज नाही जमणार, साहेब."

टाळ्या विरल्या. भित्रा म्हणून शिक्का बसायला एवढं पुरे होतं. साहेबांनी पिस्तूल खणात ठेवलं आणि म्हणाले, "मग आज नको. बस आधी." त्या खुर्चीत बसून त्याने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांचा पत्ता मागितला.

त्यानंतर कित्येक महिने त्याने बिनपिस्तुलाची टेबलावरची कामं केली. डॉक्टरांकडे जाऊन आला की गळून जायचा. झोप परतली, पण पुरती नाही. त्या म्हातारीच्या इमारतीचा रस्ता तो आजही टाळतो, लांबून वळसा घालतो. आता पिस्तूल पुन्हा म्यानात आहे. माझी शिलाई उसवलीय, आणि तोही चटकन थकतो.

आज दुसऱ्या एका चौकीतल्या तरण्या शिपायाच्या हातून गोळी सुटली. मौनीने फौजदाराला सोबत चला म्हटलं. तो पिस्तूल जमा करून घरी आला, दाराशी बराच वेळ घुटमळला आणि मग त्याने मला काढून खुंटीला अडकवलं.

"पट्टा राहू दे," तो बायकोला म्हणाला. "नुसताच जातो."

तुमच्या घरात, शेजारात असा कुणी असेल, तर त्याला वाघ म्हणू नका आणि त्याची नजरही चुकवू नका. जवळ जाऊन बसा. तो गप्प बसला तर बसू द्या.

जेवायची वेळ टळून गेलीय. बायकोने दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं. मी खुंटीवर सैल लोंबतोय. त्याला उशीर होतोय. होऊ दे.