दोन झाकणं, एक टाकी

उस्ताद म्हणजे पक्का माणूस. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला, पण स्टेपनीला हात लावायची वेळ त्यानं फार क्वचित येऊ दिली. टायर बसला तर ठिगळ लावून घेईल, हवा भरत भरत पुढचा मुक्काम गाठेल, पण ते सुटं चाक खाली काढायचं नाही म्हणजे नाही. "स्टेपनी लावली की मागे काही उरत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायकोनंही संसार त्याच नियमानं केला. नवी चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप कपाटात, आणि पाहुणे आलेच तर "आज राहू द्या, हेच बरे आहेत."

अशा घरात सरकारी विम्याची कार्डं आली. म्हाताऱ्या माणसांसाठीची योजना होती. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर खर्च सरकार करणार. वस्तीतल्या सभागृहात एक बाई माइकवरून सगळं समजावून सांगत होत्या. उस्ताद मागच्या रांगेत बसला, अर्धं ऐकलं, उरलेल्या अर्ध्यात शेजारच्याला घाटातल्या गोष्टी सांगितल्या, आणि घरी येऊन बायकोला मात्र पूर्ण समजावलं. अर्धवट ऐकणाऱ्याचा आवाज नेहमीच जरा ठाम असतो!

"हे बघ, कार्डं दोन दिसतात, पण टाकी एकच," तो म्हणाला. "तुझं झाकण वेगळं, माझं वेगळं, आत तेल तेच. आपली स्टेपनी समज ही. एकदा लावली की संपली."

"आणि मग?"

"मग काय, मग आपलं नशीब."

बायकोनं मान हलवली. उस्तादच्या छातीत मधूनच कळ यायची. जिना चढताना तो कठडा धरून उभा राहायचा आणि वर "हवा खातोय" म्हणायचा. ती काय दुधखुळी होती? तिनं दोन्ही कार्डं नव्या चादरीच्या घडीत ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. कोणासाठी ठेवली, ते तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

इंजिनात बारीकसा वेगळा आवाज आला तरी उस्तादला झोपेतून जाग यायची. पण बायको हल्ली कपाटाचं वरचं दार डाव्या हातानं उघडते, उजवा हात अंगाशी धरूनच वावरते, हे त्याला दिसूनही दिसलं नाही. एकदा विचारलं त्यानं, नाही असं नाही. "कपडे जास्त पिळले," ती म्हणाली. झालं, विषय मिटला. दुखणं अंगावर काढायचं तर तिच्याकडून शिकावं.

शेवटी ते लेकीला कळलं. ती चार दिवस राहायला आली होती. आईचा हात बाहीत जाईना म्हणून मदतीला गेली, आणि काखेत लिंबाएवढी गाठ तिच्या बोटांना लागली.

"आई! कधीपासून आहे हे?"

आईनं आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. तुझ्या बाबांना सांगू नकोस. मी ते कार्ड त्यांच्या छातीसाठी ठेवलंय."

लेकीनं सांगितलंच. आईला गाडीत घालून इस्पितळात आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शांत होत्या, पण त्यांनी काही लपवलं नाही. गाठ छातीतून निघून काखेत पोचली होती. आधी आणायला हवं होतं, उद्या शस्त्रक्रिया करू, पुढचं आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. उस्तादनं ऐकून घेतलं. या वेळी शेजारी गोष्टी सांगायला कोणी नव्हतं.

लेक आईजवळ बसली आणि तो कार्डं घेऊन खाली विम्याच्या खिडकीशी गेला. आत लेकीपेक्षा लहान अशी एक मुलगी बसली होती.

"दोन्ही घे, पोरी," तो म्हणाला. "टाकी रिकामी झाली तरी चालेल. माझ्यासाठी काही मागे ठेवू नकोस."

"आजोबा, दाखल कोण आहे?"

"बायको."

"मग त्यांचंच द्या. तुमचं कशाला?"

"विमा एकच ना आमच्या दोघांचा?"

"नाही हो. त्यांचा त्यांना, तुमचा तुम्हाला. त्यांच्यावर कितीही खर्च झाला तरी तुमचं कमी होत नाही."

उस्तादनं खिडकीची कड धरली. "आणि एकदा वापरला की?"

"दर वर्षी नव्यानं सुरू होतो."

"आम्ही गेल्या वर्षी वापरलाच नाही. तो कुठे असेल?"

मुलीनं हातातलं पेन खाली ठेवलं. "तो गेला, आजोबा. हे साठत नाही."

तो बाकावर जाऊन बसला. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. इतके दिवस ती त्याच्यासमोर हात धरून फिरत होती, एका रिकाम्या गोष्टीची राखण करत. आणि ती राखायला त्यानंच सांगितलं होतं.

वर गेला तर लेक रडवेली होऊन दारातच उभी. "बाबा, आई तयार होत नाहीये. नको म्हणतेय ऑपरेशन."

बायको उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा त्याला ओळखीचा होता. हा चेहरा झाला की पाहुण्यांपुढेसुद्धा चांगले कप निघायचे नाहीत.

"डॉक्टरच म्हणतात उशीर झाला," ती म्हणाली. "मग माझ्यावर कशाला संपवता? चालत्या गाडीला लावा. मला घरी न्या."

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. तू केलंस ते बरोबर केलंस, तुझ्यामुळे मी वाचलो, असं म्हणावं. पण मग ती उठून चालू लागली असती.

"टाकी एक नाहीये," तो म्हणाला. "तुझं वेगळं आहे, माझं वेगळं. दर वर्षी नवं मिळतं. मी नीट ऐकलं नव्हतं."

तिला कळायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मी हे सगळं..."

"उगीच. माझ्यामुळे." एवढा गडी, लेकीसमोर हमसून हमसून रडला.

तिनं त्याला उगी केलं नाही. "सगळे रस्ते पाठ तुम्हाला," ती म्हणाली, "रात्री उठवलं तरी सांगाल. आणि माझ्यापुरतं एवढं एक नीट ऐकता आलं नाही?" हे तिनं इतक्या हळू विचारलं की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं त्याला झालं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. लेक पायाशी बसून राहिली. खूप वेळानं बायको तशीच, पाठमोरी बोलली.

"तुमचं शाबूत आहे ना मग?"

"आहे."

"मग खाली जा. छाती दाखवा. जिन्यात कोण हवा खातं ते मला माहितीये. तुम्ही दाखल झाल्याचं कळल्याशिवाय मी सही करायची नाही."

"अगं, आधी तुझं..."

"साठत नाही ना ते?" ती म्हणाली. "मग जा."

तो जिन्यानं उतरला. कठडा धरून, थांबत थांबत, आणि या वेळी कोणाला काही न सांगता. खिडकीतली मुलगी आवराआवर करत होती. त्यानं स्वतःचं कार्ड पुढे सरकवलं.

"आता कोणाला दाखल करायचंय, आजोबा?"

"मला," उस्ताद म्हणाला. "आणि पोरी, सगळं पहिल्यापासून सांग. सावकाश सांग. मी ऐकतोय."