पदरात घेतलेलं

आषाढात आमच्या खालच्या खाचरात लावणी चालली होती आणि बायकांच्या रांगेत एक जागा मोकळी राहिली होती. चंद्राकाकीच्या शेजारची. तिथं उभं राहायला कुणी तयार होईना.

लढाईची वर्षं होती ती. कडावच्या वरच्या अंगाला आमचं गाव. लावणीला मजूर कोण लावतो? सावड असायची. आज आमच्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात आम्ही. सावडीला आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, ही रीत. म्हणून काकीला कुणी जा म्हटलं नाही. फक्त सगळ्या दोन हात लांब सरकल्या.

काकी आठ महिने वेड्यांच्या इस्पितळात राहून चैत्रात परत आली होती. तिचा भाऊ कर्जतला रेल्वेत गँगमन. साहेबाची चिठ्ठी मिळवून त्यानं तिला नेलं होतं. दुसरी कुणी असती तर "माहेरी गेलते" म्हणून मोकळी झाली असती. ही पाणवठ्यावर, दळायला बसलेल्या बायांत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायची, "मी येडी झालते गं. औशिदानं बरी झाले. अंगाला ताप येतो, तसा डोक्याला पन रोग येतो. कुनाचं असं झालं तर लपवू नका. मला हाक मारा."

"चंद्रे, तितं साखळीनं बांदतात ना गं?" रांगेच्या टोकावरून इंदूबाईनं विचारलं.

"मला नाय बांदलं. पयला महिना नुसती झोपवली. मंग हातात चरका दिला. सासरी बारा वर्सांत झाली नाय येवडी झोप झाली माजी. तू पन जाऊन ये चार दिस."

बाया हसल्या. जागा मात्र मोकळीच.

तेव्हा माझी वहिनी ठमी, सातवा महिना लागलेली, चिखलातून पाय उपसत गेली आणि त्या जागेत उभी राहिली. "आना काकी, मूठ द्या हिकडं."

काकीनं रोपांची मूठ तिच्या हातात दिली. माझी आय बांधावरून बघत होती. दिवसभर तिनं वहिनीला एकदाही हाक मारली नाही.

वहिनीला माहेर नव्हतं. बाळंतपण आमच्याच घरी झालं. मुलगा झाला, पंधरा दिवस सगळं बरं होतं. मग तिची झोप गेली. मूल रडलं तरी बघेना. एकदा मला म्हणाली, "वन्सं, ह्ये पोर कुनाचं वो? त्याची आय कदी येईल न्यायला?" मला हसू आलं. तेरा वर्षांची होते मी.

आणि एका दुपारी ती बाळाला बांधावर पावसात ठेवून एकटीच घरी आली. बाळ वाचलं. पण आयनं वहिनीला गोठ्यात नेलं आणि बैलाच्या दाव्यानं खुंट्याला बांधलं.

काकीला कळलं तशी ती धावत आली. "वयनी, सोडा तिला. मी पन अशीच झालते. मला पन पोरगं माजं वाटंना. झोप नाय, भूक नाय. कानात कुनीतरी म्हनायचं, ठेवून ये त्याला. मी पन ठेवलं हुतं, पानंदीत."

आय कान देऊन ऐकत होती. "आनि काय काय व्हायचं गं तुला?"

काकीला वाटलं, पटतंय हिला. तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नसेल ते सांगितलं.

सखादादा, म्हणजे माझा भाऊ, दारात उभा होता. तो म्हणाला, "मंग नेऊया का इस्पितळात? सोमवारच्या गाडीनं?"

"मी येते ना संगती," काकी म्हणाली.

ती गेली आणि आय दादाकडं वळली. "ऐकलंस? सबुदान् सबुद तंच! ह्ये चंद्रीचंच ठमीला लागलं. उगाच नाय बरी झाली ती. सावडीत मूठ दिली, तवाच दिलं."

रविवारी बुधाजी भगत आला. आयनं आधी त्याला सगळं सांगितलं, मग त्यानं तांदळाचे दाणे टाकले, आणि दाण्यांनीही तेच सांगितलं. वड्याचं तेल वांग्यावर. "जिचं हाय तिनं परत घ्यायचं," बुधाजी म्हणाला. "चारचौघांत, पदर पसरून. मंग ही सुटंल."

काकीला बोलावणं गेलं. अंगणात गाव जमला होता.

"बुधाजी, रोग म्हंजे काय पाटी हाय रं, हिच्या डोईवरची उतरून तिच्या डोईवर द्यायला?"

"मंग तू कशी बरी झालीस?"

"सांगून सांगून जीभ झिजली माजी. औशिदानं."

"आनि ही कशी बिगडली?"

 

गोठ्यातून वहिनी ओरडत होती. घसा बसला होता, नुसती हवा बाहेर येत होती. मनगटं सोलून निघाली होती. काकी तिच्याकडं बघत राहिली. मग दादाला म्हणाली, "सखा, मी घेतलं तर दावं सोडशील?"

"सोडीन."

"आनि सोमवारी नेशील?"

"नेतो काकी. पोराची आन."

काकीनं पदर पसरला. आयनं माझ्या हातात सूप दिलं. त्यात वहिनीवरून उतरलेले तांदूळ आणि कापलेलं लिंबू. कुवार पोरीनं ओतायचं, असं भगताचं म्हणणं. मी ओतलं.

"बोल," बुधाजी म्हणाला.

"माजं हाय. मी परत घेते."

"आनि?"

पावसाचं पाणी वळचणीवरून काकीच्या पाठीवर पडत होतं. "मी बरी झालेच नव्हते," ती म्हणाली.

सहा महिने दारोदार जे सांगितलं, ते तिनं असं एका दमात पुसलं.

दादानं दावं सोडलं. वहिनी बाहेर येऊन ओटीवर बसली. आय आनंदानं रडली.

सोमवारी दिवस उगवायला काकी गाठोडं घेऊन आमच्या दारात उभी. दादानं मान वर केली नाही. "आता कशाला काकी? उतरलं ना."

"आन घेतलीस रं तू, सखा."

आय आतूनच म्हणाली, "आनि तू कशी नेनार गं तिला? तूच म्हनलीस, मी बरी नाय."

वहिनी पुढं पुष्कळ वर्षं जगली. काम सांगितलं की करायची, ताट वाढलं की जेवायची. मुलाला तिनं मांडीवर घेतलं नाही. ते माझ्या मांडीवर वाढलं, आणि माझं लग्न होऊन मी गेले तेव्हा आयच्या. गावात म्हणत, बाधा गेली, गाळ तेवढा राहिला.

काकीला सावडीला बोलावणं बंद झालं. तिच्या दोन खाचरांत ती आणि तिचा नवरा, दोघंच वाकलेले दिसायचे. पण दुसऱ्याची बाधा पदरात घेणारी म्हणून तिचं नाव पसरलं. दर अवसेला तिच्या दारात बैलगाड्या येऊन थांबू लागल्या. कुणी सून आणायचं, कुणी भाऊ.

मी माहेरपणाला आले होते तेव्हाची एक अवस मला दिसते. खालापूरकडचा एक म्हातारा आपल्या लेकीला घेऊन आला होता. मुलगी सोळा-सतराची, हात दाव्यानं बांधलेले. म्हाताऱ्याच्या काखेत सूप.

काकी उंबऱ्यावर बसली होती. "बाबा, मी सोता इस्पितळात राहिले. माजा भाऊ कर्जतला हाय, तो चिठ्ठी करून देईल. मी येते तुमच्या संगती. आत्ता निगू, चला."

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. लेकीच्या केसांतला गवताचा काडीकचरा निवडत होता.

"बाय," तो म्हणाला, "तुजं ऐकाया नाय आलो. तुला द्याया आलो."

आणि त्यानं सूप पुढं केलं.

काकीनं मुलीच्या मनगटांकडं पाहिलं.

"आदी दावं सोड," ती म्हणाली, आणि पदर पसरला.